आफ्रिकेतल्या खेड्यात वाचनालय उभं करताना: पुस्तकांचे खोके सगळ्यात शेवटी

नैरोबी, कंपाला, दार-ए-सलामला राहणारी मराठी मंडळी आणि त्यांचे पुण्या-मुंबईतले मित्र यांच्याकडून एकच बेत पुन्हा पुन्हा ऐकू येतो. इथे पुस्तकं गोळा करू, खोके भरून पाठवू, तिकडे एखाद्या खेड्यात वाचनालय उघडू. हेतूत खोट नाही. खोट क्रमात आहे. आधी पुस्तकं, मग खोली, मग फीत कापणं आणि शेवटी "आता हे सांभाळणार कोण?" असा क्रम लागला की वर्षभरात त्या खोलीला कुलूप लागतं. किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात, पुस्तकं कपाटात आणि कपाटालाही कुलूप.

हा लेख तो क्रम उलटा करण्यासाठी आहे. आफ्रिका एक देश नाही, त्यामुळे सगळीकडे चालेल असा नुस्खा देण्यात अर्थ नाही. मी आधाराला युगांडाचा बुगांडा भाग, म्हणजे मसाकाच्या आसपासची गावं घेतली आहेत. तिथल्या किटेंगेसा गावातलं सामुदायिक वाचनालय पुस्तकांच्या एका पेटीपासून सुरू झालं, इमारत नंतर आली आणि ते टिकलं. केनिया, घाना, बुर्किना फासो इथे काय बदलतं, ते त्या त्या ठिकाणी सांगतो.

## सुरुवातीआधी: तीन गोष्टी थांबवा

पुस्तकं गोळा करण्याचं आवाहन अजून करू नका. एकदा आवाहन केलं की रद्दीसकट सगळं येतं आणि मग "लोकांनी एवढं दिलंय तर पाठवायलाच हवं" अशी अडचण होते. इमारतीचा आराखडा काढू नका. उद्घाटनाची तारीख तर मुळीच ठरवू नका.

त्याऐवजी एका कागदावर एकच आकडा काढा. एका ग्रंथपालाचा तीन वर्षांचा पगार किती होईल? तेवढी रक्कम हाताशी नसेल, तर या कामाला अजून हात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. खोली भाड्याची चालते, पुस्तकं थोडी चालतात. पगार थांबला की दार बंद होतं.

## टप्पा १: गाव निवडणं

"तुम्हाला वाचनालय हवंय का?" हा प्रश्न विचारूच नका. पाहुणा काही द्यायला आलाय म्हटल्यावर जगातलं कुठलंही गाव "हो" म्हणेल. त्याऐवजी आज गावात वाचन कुठे चालतं ते बघा, कारण ते कुठे ना कुठे चालत असतंच. दुकानाच्या पायरीवर 'बुकेद्दे' हे लुगांडा भाषेतलं दैनिक चार-पाच जण मिळून वाचतात. चर्चमध्ये बायबल, मदरशात कुराण, शाळेत फळ्यावरून उतरवून घेतलेल्या वह्या, बचत गटाच्या बायकांची हिशेबाची वही. जिथे आधीच अक्षरं फिरतायत, त्याच्या शेजारी वाचनालय रुजतं.

भेटीगाठींचा क्रम असा ठेवा:

1. गावपातळीवरच्या स्थानिक परिषदेचे अध्यक्ष. युगांडात त्यांना सगळे 'एलसी वन चेअरमन' म्हणतात. त्यांना वगळून कुणाच्याही घरी बैठक घेतलीत, तर पुढे प्रत्येक कागदावरचा शिक्का अडेल.
2. जवळच्या प्राथमिक आणि माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक. एकाच शाळेला भेटून थांबू नका, नाहीतर वाचनालय त्या एका शाळेचं होतं.
3. चर्च आणि मशीद, दोन्हींकडची माणसं.
4. बायकांचे बचत गट. हे बहुतेक जण विसरतात आणि नंतर "बायका येतच नाहीत" म्हणतात.

बुगांडात अभिवादन लांबलचक असतं. घरचे, शेत, तब्येत, सगळं विचारून झाल्यावर कामाचं बोलायचं. पाच मिनिटांत मुद्द्यावर येणारा पाहुणा तिथे उद्धट ठरतो.

या भेटींमध्ये विचारायचा खरा प्रश्न असा: "गाव काय देईल?" रोख पैशांची अपेक्षा नको. विटा, एक खोली, रंगकाम, आठवड्यातून एक दिवस बसणारा माणूस, काहीही चालेल.

तपासा: तीन वेगवेगळ्या गटांनी, तुम्ही समोर नसताना, आपसात बसून काहीतरी द्यायचं ठरवलंय का? नसेल तर दुसरं गाव बघा किंवा थांबा.

## टप्पा २: जागा आणि तिचा कागद

बुगांडातली बरीच जमीन 'माइलो' पद्धतीची आहे. १९०० च्या करारातून ही पद्धत आली. तिच्यात एकाच तुकड्यावर दोघांचे हक्क असू शकतात. माइलोचा मालक एक, आणि पिढ्यानपिढ्या तिथे राहून शेती करणारा 'किबान्जा'धारक दुसरा. गावकरी प्रेमाने "घ्या ही जागा" म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा किबान्जाधारक असतो. मूळ मालकाच्या संमतीशिवाय त्याने दिलेल्या जागेवर तुम्ही भिंती उभ्या केल्यात, की वाद तुमच्या दारात येतो. घानात हाच प्रश्न गावप्रमुखाकडे जातो, तर बुर्किना फासोत परंपरेने जमिनीचा अधिकार सांभाळणाऱ्या भूमिप्रमुखाकडे. नाव वेगळं, धोका तोच.

म्हणून पहिली दोन वर्षं खोली भाड्याने घ्या किंवा वापरायला मागून घ्या. घानात अक्रामधलं ओसू मुलांचं वाचनालय १९९० मध्ये बागेतल्या झाडाखाली सुरू झालं आणि त्याची पहिली वास्तू म्हणजे जहाजाचा जुना कंटेनर होता. इमारत नसल्याने कुणाचं वाचन अडलं नाही.

खोली निवडताना एकच अट कडक ठेवा. दार रस्त्याकडे उघडलं पाहिजे. शाळेच्या कुंपणाच्या आत खोली फुकट मिळते आणि तीच महाग पडते. सुट्टीत फाटक बंद, शाळा सुटली की फाटक बंद, आणि शाळा सोडलेला वीस वर्षांचा मुलगा किंवा पाठीला मूल बांधलेली बाई गणवेशातल्या मुलांमधून आत यायला बिचकते. शाळेला लागून जागा असावी, पण दार बाहेर.

दरम्यान सात-नऊ जणांची समिती करा आणि सामुदायिक संस्था म्हणून जिल्ह्याच्या समुदाय विकास कार्यालयात तिची नोंदणी करून घ्या. बँक खातं समितीच्या नावाने हवं, तीन सह्यांपैकी कुठल्याही दोन चालतील असं.

सावध: खातं, किल्ली आणि शिक्का एकाच माणसाकडे असेल तर तो माणूस कितीही भला असला तरी ही रचना वाईट आहे.

## टप्पा ३: ग्रंथपाल

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

ग्रंथालयशास्त्राची पदवी असलेला माणूस शोधू नका. तो कंपालात नोकरी मिळाली की जाईल, आणि जावंच त्याने. तुम्हाला हवी आहे गावातच राहणारी, माध्यमिक शाळा पूर्ण केलेली, लुगांडा आणि इंग्रजी दोन्ही मोठ्याने नीट वाचणारी, लहान मुलांना न घाबरवणारी व्यक्ती. निवड मुलाखतीवर करू नका. तीन-चार उमेदवारांना एकेक दुपार दहा मुलांसमोर एक गोष्ट वाचायला लावा आणि मागे बसून मुलांकडे बघा. अर्ध्या तासात निकाल कळतो.

एकाच्या भरवशावर राहू नका. एक पूर्ण वेळचा ग्रंथपाल आणि हाताखाली दोन-तीन विद्यार्थी मदतनीस ठेवा. किटेंगेसात माध्यमिक शाळेची मुलं वाचनालयात काम करतात आणि त्या बदल्यात त्यांची शाळेची फी भरली जाते. या व्यवस्थेचा दुहेरी फायदा आहे. हुशार पण फीसाठी अडलेली मुलं शाळेत टिकतात, आणि दर दोन-तीन वर्षांनी वाचनालयाला प्रशिक्षित माणसांची नवी फळी मिळते.

पगार मोबाइल मनीवर, म्हणजे फोन नंबरला जोडलेल्या पैशांच्या खात्यात, ठरलेल्या तारखेला. पेरणीच्या किंवा शाळेची फी भरण्याच्या महिन्यात पगार आठ दिवस उशिरा गेला तर ग्रंथपालाला दुसरं काम धरावं लागतं आणि दार आठ दिवस बंद राहतं. दोनदा असं झालं की लोक येणं सोडतात.

आता सगळ्यात घातक नियमाबद्दल. बहुतेक देणगीदार नकळत हा नियम घालतात: "हरवलेल्या पुस्तकाची जबाबदारी ग्रंथपालाची." कागदावर हे शिस्तीचं वाटतं. प्रत्यक्षात तुटपुंज्या पगाराचा माणूस काय करणार? पुस्तक बाहेर देणार नाही. दिलं तर त्याचं नुकसान, न दिलं तर काहीच नाही. मग चांगली पुस्तकं कपाटात जातात, बाहेर जुनी वर्तमानपत्रं उरतात, आणि पाहुणे आले की सगळं एकदम करकरीत दिसतं. करकरीत पुस्तकं दिसली की समजा, इथे कुणी वाचत नाही.

त्यामुळे पहिल्याच दिवशी लेखी द्या: वर्षाला दहापैकी एक पुस्तक फाटलं, हरवलं, परत आलं नाही तरी ग्रंथपालाला प्रश्न विचारला जाणार नाही. तो खर्च अंदाजपत्रकातच धरा. उलट वर्षाअखेरी एकही पुस्तक हरवलं नसेल, तर ते का, हे समितीने विचारावं.

प्रशिक्षणासाठी ग्रंथपालाला आधीपासून चालू असलेल्या खेड्यातल्या वाचनालयात दोन आठवडे बसवा. युगांडात सामुदायिक वाचनालयांची स्वतःची संघटना आहे, तिच्यामार्फत अशी जागा शोधता येते. शहरातल्या कार्यशाळेपेक्षा हे स्वस्त आणि कितीतरी उपयोगी.

तपासा: ग्रंथपाल आजारी पडला तर उद्या दार कोण उघडेल? नाव सांगता आलं नाही तर टप्पा पूर्ण झालेला नाही.

## टप्पा ४: वेळा

मसाका विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे. वर्षाचे बाराही महिने संध्याकाळी सातच्या सुमाराला अंधार पडतो. आपल्याकडच्यासारखी उन्हाळ्यातली लांब संध्याकाळ तिथे नसते. माध्यमिकची मुलं पाचला सुटतात, म्हणजे त्यांच्या हातात उजेडाचे जेमतेम दोन तास, आणि त्यातच पाणी आणणं नाहीतर गुरं बघणं. दहा ते चार अशा कार्यालयीन वेळा ठेवल्यात तर वाचकाशिवाय वाचनालय चालवाल.

दुपारी दोन ते रात्री नऊ ठेवा. शनिवारी दिवसभर. छपरावर सौर पॅनेल, आत चार एलईडी दिवे आणि बॅटरी, एवढ्यावर हे भागतं. घरात रॉकेलचा दिवा असलेल्या मुलाला उजेड हेच मोठं आकर्षण आहे. तो दिव्यासाठी येतो आणि पुस्तकाशी थांबतो. बॅटरी मात्र काही वर्षांनी बदलावी लागते, तिचे पैसे आजपासून बाजूला टाका. मेलेल्या बॅटरीखालची अंधारी वाचनालयं या भागात पुष्कळ दिसतील.

शाळांचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं आणि डिसेंबरात संपतं, मधे मे आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुट्ट्या. त्या सुट्ट्यांमध्ये वाचनालय बंद ठेवू नका. मुलं मोकळी तेव्हाच असतात. बुर्किना फासोत 'फ्रेंड्स ऑफ आफ्रिकन व्हिलेज लायब्ररीज' या २००१ मध्ये सुरू झालेल्या संस्थेने सुट्टीतली वाचन शिबिरं याच हिशेबाने घेतली. तिथे शाळा ऑक्टोबरात सुरू होते, म्हणून दिनदर्शिका वेगळी. तुमच्या गावाची दिनदर्शिका बाजाराचा दिवस, पेरणी, कापणी आणि परीक्षा घालून भिंतीवर लावा आणि तिच्यावरून वेळा ठरवा.

सावध: सकाळी बायका शेतात असतात, संध्याकाळी चुलीपाशी. त्यांच्यासाठी वेगळा दुपारचा तास राखून ठेवा आणि त्या तासाला शाळकरी मुलांची गर्दी नको.

## टप्पा ५: कोणत्या भाषेत?

पुस्तकं घेण्याआधी हे ठरवायचं, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसा वाया जातो.

युगांडात २००७ पासून पहिली ते तिसरीचं शिक्षण स्थानिक भाषेत, चौथी हे बदलाचं वर्ष, आणि पुढे इंग्रजी. म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलाला अक्षरं लुगांडात कळतात आणि हातात पडतं ते इंग्लंडमधल्या बर्फातल्या सशाचं चित्रपुस्तक. ते मूल चित्रं बघतं, पानं उलटतं, आणि आपण फोटो काढून "वाचताना" असं खाली लिहितो.

सुरुवातीच्या संग्रहात लहान मुलांसाठीची निम्म्याहून जास्त पुस्तकं लुगांडात हवीत. मोठ्यांसाठी लुगांडातलं वर्तमानपत्र रोज हवं, त्याच्यासारखं गिऱ्हाईक ओढणारं दुसरं काही नाही. माध्यमिकच्या मुलांना इंग्रजी लागतं, कारण परीक्षा इंग्रजीत आहेत. केनियात किस्वाहिली वाढवा. बुर्किना फासोत फ्रेंचबरोबर मोरे किंवा जुला यांपैकी त्या गावाची भाषा कुठली ते विचारून घ्या, राजधानीतल्या माणसाच्या अंदाजावर जाऊ नका.

पातळी तपासायची सोपी रीत: मुलाला एक पान मोठ्याने वाचायला द्या आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायला सांगा. पाचही बोटं दुमडली तर पुस्तक त्याच्यासाठी अजून अवघड आहे.

## टप्पा ६: आता पुस्तकं

सुरुवातीला तीनशे पुस्तकं पुष्कळ झाली. तीनशे वेगवेगळी नकोत. मुलांच्या गोष्टींच्या प्रत्येकी पाच-सहा प्रती घ्या म्हणजे मुलं जोडीने, गटाने एकच गोष्ट वाचतील आणि तिच्यावर भांडतील.

खरेदी देशातच करा. कंपालात प्रकाशक आहेत, पुस्तकांची दुकानं आहेत, लुगांडातली पुस्तकं तिथेच छापली जातात. त्या खरेदीने तिथला लेखक आणि छापणारा जगतो. शिवाय पुस्तकावर सीमाशुल्क नसलं तरी समुद्रमार्गे पाठवलेला खोका मोंबासा बंदरात उतरतो. तिथून हाताळणीचा खर्च, क्लिअरिंग एजंट, कागद अडकले तर बंदरातलं साठवणभाडं, आणि मग कंपालापर्यंत ट्रक. हा हिशेब करून बघा. बहुतेक वेळा फुकट पुस्तक पोचवण्याच्या खर्चात तिथे नवं पुस्तक येतं.

दुसरा मार्ग छपाईचा. दक्षिण आफ्रिकेतल्या साइड या संस्थेच्या 'आफ्रिकन स्टोरीबुक' प्रकल्पात आफ्रिकेतल्या अनेक भाषांमधल्या, लुगांडाही त्यात आली, गोष्टी खुल्या परवान्याखाली मिळतात. उतरवून घ्या, छापा, वाटा, कुणाची परवानगी लागत नाही. आपल्याकडच्या प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेलं 'स्टोरीवीव्हर' याच धर्तीवर चालतं. त्यावर मराठी गोष्टीही भरपूर आहेत आणि परवाना भाषांतराला मोकळीक देतो. मराठी मंडळाला खरंच काही आपलं द्यायचं असेल, तर जुनी पुस्तकं पाठवण्यापेक्षा एखादी मराठी बालकथा लुगांडा जाणणाऱ्या शिक्षकाबरोबर बसून तिकडे न्या आणि तिच्या पन्नास प्रती छापा. साध्या ए-फाइव्ह आकारात, जाड मुखपृष्ठ, मधोमध पिना. पिना गंजतात, म्हणून शक्य तिथे दोऱ्याने शिवून घ्या.

पाठ्यपुस्तकं हवीतच. वाचनसंस्कृतीच्या नावाखाली "आम्ही फक्त गोष्टींची पुस्तकं ठेवू" असा शुद्धपणा गावाला परवडत नाही. दहा मुलांत एक पाठ्यपुस्तक असलेल्या शाळेतली मुलं त्यासाठीच येतील. मात्र आवृत्ती बघा. युगांडात माध्यमिकच्या खालच्या इयत्तांना २०२० पासून नवा अभ्यासक्रम लागू झाला, केनियात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने बदल झाला. त्याआधीची पुस्तकं कुणी देऊ केली तर हात जोडा.

हे नको, हे आधीच लिहून कळवा:

- दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे ज्ञानकोश आणि संगणकाची पुस्तकं
- लिहिलेल्या सरावपुस्तिका
- धर्मप्रसाराची एकाच पंथाची पत्रकं
- अर्धा संच, म्हणजे सहापैकी दुसरा आणि पाचवा भाग
- "कुणाला तरी उपयोगी पडेल" असं म्हणून दिलेलं काहीही

मोठ्यांसाठी कॉफी, केळीवरचे रोग, कोंबड्या, गर्भारपण अशा विषयांवरच्या स्थानिक भाषेतल्या पुस्तिका शेती आणि आरोग्य खात्यांकडे मागा.

## टप्पा ७: खोली लावणं

वाळवी. बाकी सगळं नंतर. लाकडी मांडण्या भिंतीला टेकवून ठेवल्यात तर एका पावसाळ्यात खालची रांग मातीची होते. लोखंडी मांडण्या घ्या, भिंतीपासून एक वीत अंतरावर ठेवा, पाय जुन्या इंजिन ऑइलच्या डब्यांमध्ये उभे करा. सर्वात खालचा खण रिकामा सोडा आणि दर आठवड्याला भिंतीवर मातीच्या रेघा चढल्यात का ते बघा.

पत्र्याच्या छपराखाली दुपारी भट्टी असते आणि पाऊस लागला की शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही. मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर अशा दोन पावसाळ्यांत गोष्ट वाचून दाखवण्याचा तास याने बुडतो. छताखाली साध्या चटयांचं किंवा प्लायचं अस्तर दिलं तर दोन्ही त्रास कमी होतात.

वर्गीकरणासाठी मोठ्या ग्रंथालयांतली आकड्यांची दशांश पद्धत नको. रंगीत ठिपके पुरेत. हिरवा सोपं लुगांडा, पिवळा सोपं इंग्रजी, लाल अवघड, निळा पाठ्यपुस्तक. दाखल नोंदवही आणि देवघेव नोंदवही, दोन्ही हाताने लिहिलेल्या. संगणक प्रणाली आणू नका. ती बिघडली की नोंदी थांबतात आणि नोंदी थांबल्या की देवघेव थांबते.

जमिनीवर चटई हवी. पुस्तकं मुलाच्या हाताला लागतील एवढ्या उंचीवर, निदान काही मुखपृष्ठ समोर करून.

## टप्पा ८: पहिले सहा महिने

पहिला महिना पुस्तकं बाहेर देऊ नका, फक्त आत वाचन. मुलांना हात धुऊन येणं, पान कोपऱ्यातून उलटणं, परत त्याच रंगाच्या खणात ठेवणं अंगवळणी पडू द्या. दुसऱ्या महिन्यापासून देवघेव, एका वेळी एक पुस्तक, दोन आठवड्यांसाठी.

अनामत रक्कम घ्यावी का? आपल्याकडच्या वाचनालयांच्या सवयीने पटकन "हो" म्हणतो. मुलांकडून घेऊ नका. अनामत ठेवली की सगळ्यात गरीब घरं पहिल्याच दिवशी बाहेर पडतात. त्याऐवजी पालक किंवा शिक्षकाची सही घ्या. मोठ्यांकडून अगदी नाममात्र वार्षिक वर्गणी चालेल, पण बसून वाचणं सर्वांना मोफत.

गोष्टीचा तास हा या सगळ्याचा गाभा, आणि तो वर्ग होऊन बसतो. शाळेची सवय अशी की शिक्षकाने ओळ म्हणायची, चाळीस मुलांनी एका सुरात परत म्हणायची. ग्रंथपालही तेच करू लागतो. ते मोडायचं असेल तर त्याला हा क्रम शिकवा:

1. मुखपृष्ठ दाखवून "काय होईल?" विचारणे. उत्तर बरोबर की चूक ते सांगायचं नाही.
2. एकदा सलग, न थांबता वाचणे.
3. दुसऱ्यांदा वाचताना एका जागी थांबून एकच प्रश्न.
4. पुस्तक खाली ठेवून निघून जाणे.

चौथी पायरी सगळ्यांना विचित्र वाटते. पण मुलं नंतर त्याच पुस्तकावर तुटून पडतात की नाही, हे बघण्यासाठी ती आहे.

मोठी मुलं लहानांना वाचून दाखवतील अशी जोडी लावा. सहावीतल्या ज्या मुलाला स्वतःच्या वयाचं पुस्तक जमत नाही, तो पहिलीतल्या मुलाला वाचून दाखवण्याच्या निमित्ताने सोपं पुस्तक लाज न वाटता वाचतो.

बायकांपर्यंत पोचायला त्यांना खोलीत बोलावत बसू नका. बचत गटाच्या बैठकीला ग्रंथपालाने पुस्तिकांची पिशवी घेऊन जावं, शेवटची पंधरा मिनिटं मागावीत. जिला वाचता येत नाही तिला दुसरीने वाचून दाखवावं. त्यांची पावलं वाचनालयाकडे वळायला वेळ लागतो.

सावध: मुलासोबत बंद खोलीत एकटं मोठं माणूस असता कामा नये, मग तो ग्रंथपाल असो की भारतातून आलेला पाहुणा. दार-खिडक्या उघड्या. पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे फोटो नाहीत.

## टप्पा ९: काय मोजायचं

"आज ८० मुलं आली" हा आकडा अहवालात छान दिसतो, पण त्यातली साठ दिव्याखाली गृहपाठ करत होती. ते वाईट नाही, तेवढ्यावर वाचन वाढलं असं मात्र म्हणू नका. देवघेव नोंदवहीतून तीन गोष्टी काढा: एकाच वाचकाने महिन्यात दुसरं पुस्तक नेलं का, मुली आणि बायका किती, आणि कोणती पुस्तकं सहा महिन्यांत एकदाही हलली नाहीत. न हललेली काढून दुसऱ्या वाचनालयाशी अदलाबदल करा. ती तशीच ठेवून नवीन मागवत राहिलात तर मांडणी भरते आणि वाचक कमी होतो.

हे आकडे समितीने गावच्या सभेत वाचून दाखवावेत. देणगीदाराला नंतर कळवलं तरी चालतं.

## टप्पा १०: पैसा आणि हात काढून घेणं

फ्रेंच भाषिक देशांत १९८६ पासून उभ्या राहिलेल्या 'क्लॅक' वाचन केंद्रांची वाटणी पाहण्यासारखी आहे. जागा आणि माणूस स्थानिक शासनाने द्यायचा, पुस्तकं आणि साहित्य बाहेरच्या संस्थेने. आपल्या खाजगी प्रयत्नांत नेमकं उलटं होतं. पाहुणा इमारत देतो आणि पगाराचं कुणीच बोलत नाही.

पहिल्या वर्षी पूर्ण पगार तुमचा, दुसऱ्या वर्षी पाऊण, तिसऱ्या वर्षी निम्मा, असं समितीला आधीच लेखी सांगा. उरलेला भाग सब-काउंटी कार्यालय (गाव आणि जिल्हा यांच्या मधल्या स्थानिक शासनाचं), शाळांनी दर सत्राला द्यायचं छोटं शुल्क आणि खोलीतल्या सेवांमधून यावा. मोबाइल चार्जिंग, छायाप्रती, अर्ज भरून देणं, यांतून थोडे पैसे येतात. मात्र चार्जिंगची जागा खोलीच्या बाहेरच्या ओट्यावर ठेवा. आत ठेवलीत की वाचनाच्या बाकांवर फोनची वाट पाहणारे पुरुष बसतात आणि मुली दारातूनच परत जातात.

इमारतीचा विचार करायचा तो आता, तिसऱ्या वर्षी, भाड्याच्या खोलीत जागा अपुरी पडू लागली असेल तरच. तेव्हाही माइलोच्या मालकाची आणि किबान्जाधारकाची, दोघांची सही असलेला कागद, एलसी वन अध्यक्षांच्या शिक्क्यासह, पहिली वीट रचण्याआधी हातात हवा. त्याच्या तीन प्रती करा: एक समितीकडे, एक सब-काउंटी कार्यालयात आणि एक गावाबाहेरच्या एखाद्या वकिलाकडे.